घाई नाकारणारा शल्यविशारद

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचे कसब एकेकाळी घड्याळावर मोजले जाई. भूल देण्याची सोय नव्हती, तोवर त्यात चूकही काही नव्हते. पूर्ण शुद्धीत असलेल्या, चौघांनी दाबून धरलेल्या रुग्णाचा सडलेला पाय जो काही मिनिटांत कापून मोकळा करील, तोच दयाळू आणि तोच निष्णात. १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरची भूल यशस्वी ठरली आणि घाईचे कारण संपले. सवय मात्र टिकून राहिली. ती मोडून काढणाऱ्या मोजक्या शल्यविशारदांत अमेरिकेचे विल्यम स्टुअर्ट हॅल्स्टेड यांचे नाव अग्रभागी आहे.

हॅल्स्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमधील एका श्रीमंत व्यापारी घराण्यात झाला. येल विद्यापीठात ते अभ्यासापेक्षा मैदानावर अधिक रमले, फुटबॉल संघाचे कर्णधारही झाले. पदवीच्या सुमारास वैद्यकाची गोडी लागली. १८७७ मध्ये डॉक्टर झाल्यावर त्यांनी दोन वर्षे युरोपात, व्हिएन्ना आणि जर्मनीतील नामांकित शल्यविशारदांचे काम जवळून पाहिले. तिथे प्रयोगशाळा, शवविच्छेदन आणि शस्त्रक्रिया हातात हात घालून चालत. तरुण डॉक्टर गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहून शिकत.

१८८० मध्ये न्यूयॉर्कला परतलेले हॅल्स्टेड धडाडीचे आणि झपाट्याने काम करणारे म्हणून गाजले. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बहीण मरणाच्या दारात पोहोचली, तेव्हा त्यांनी स्वतःचे रक्त काढून तिला दिले. रक्तगटांचा शोध लागायला अजून वीस वर्षे होती. रक्त जुळले हे दोघांचे नशीब. पुढच्याच वर्षी आई पित्ताशयाच्या विकाराने अत्यवस्थ झाली. त्यांनी मध्यरात्रीनंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिची शस्त्रक्रिया करून पू आणि खडे काढले. आई वाचली.

याच धडाडीने त्यांचा घात केला. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करता येतो हे दाखवून दिले. हॅल्स्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लगेच पुढचे पाऊल टाकले. नसेजवळ कोकेनचे इंजेक्शन दिले, तर त्या नसेच्या टप्प्यातला सगळा भाग बधिर होतो, हे त्यांनी स्वतःवर सुया टोचून घेत शोधले. आज दात काढण्यापूर्वी जबड्यात जे इंजेक्शन देतात, त्याचे मूळ या प्रयोगांत आहे. पण कोकेनचे व्यसन लागते याची तेव्हा कुणाला फारशी कल्पना नव्हती. त्यांचे काही सहकारी त्यातच संपले. हॅल्स्टेड जगले, पण १८८५ मध्ये त्यांच्या नावे छापलेल्या लेखात वाक्याला वाक्य लागत नव्हते. १८८६ मध्ये त्यांना प्रॉव्हिडन्स येथील बटलर मनोरुग्णालयात कित्येक महिने राहावे लागले. तिथे कोकेन सोडवण्यासाठी मॉर्फिन दिले गेले आणि एका व्यसनाला दुसरे जोडले गेले. न्यूयॉर्कमधली कारकीर्द संपली.

अशा वेळी मित्र उभा राहिला. विकृतिशास्त्रज्ञ विल्यम वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला आपल्या घरी आणि प्रयोगशाळेत जागा दिली. तिथे हॅल्स्टेड कुत्र्यांच्या आतड्यांवर टाके घालण्याचा अभ्यास करू लागले. आतड्याच्या कोणत्या थरात टाका घेतला तर तो धरून राहतो, हे त्यांनी चिकाटीने शोधून काढले. १८८९ मध्ये शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले आणि पुढे तिथल्या शल्यविभागाची धुरा त्यांच्याकडे आली.

आता लोकांना दिसले ते वेगळेच हॅल्स्टेड होते. अबोल, एकांतप्रिय आणि शस्त्रक्रियेत कमालीचे सावकाश. त्यांचा विचार साधा होता. सर्जनच्या हातून जी ऊती चिरडली जाते ती मरते आणि मेलेल्या ऊतीत जंतू पोसले जातात. म्हणून रक्तवाहिनी भोवतीच्या मांसासकट करकचून न बांधता तेवढीच बारीक चिमट्यात धरायची, रेशमाच्या बारीक धाग्याने बांधायची, प्रत्येक थर ज्याच्या त्याच्याशी जुळवायचा आणि टाका ओढून ताणायचा नाही. इतरांची शस्त्रक्रिया आटोपलेली असे, तेव्हा हॅल्स्टेड यांची निम्मीही झालेली नसे. पण त्यांच्या रुग्णांच्या जखमा स्वच्छ भरून येत.

रबरी हातमोज्यांची गोष्टही याच रुग्णालयातली. शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांची त्वचा निर्जंतुकीकरणाच्या पाराजन्य द्रावणामुळे सोलवटून निघाली. हॅल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ हातमोजे बनवून घेतले. दोघांचे लग्न १८९० मध्ये झाले. हातमोजे आले ते परिचारिकेचे हात वाचवण्यासाठी. त्यांनी रुग्णही वाचतात हे लक्षात यायला काही वर्षे गेली. त्यांचे सहायक जोसेफ ब्लडगुड यांनी हर्नियाच्या साडेचारशेहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा हातमोजे वापरल्यावर जंतुसंसर्ग खूपच घटल्याचे दिसले.

स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांनी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. १८९४ मध्ये त्यांनी ५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्या जागी रोग उलटण्याचे प्रमाण पूर्वीपेक्षा फारच कमी होते. मात्र रोग अन्यत्र पसरलेला असेल तर कितीही कापून उपयोग नाही, हे हळूहळू उमगत गेले. तरीही ही शस्त्रक्रिया पाऊणशे वर्षे जगभर चालली. १९७१ मध्ये बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या तौलनिक अभ्यासातून, स्नायू न काढताही स्त्रिया तितक्याच जगतात हे सिद्ध झाले. गुरूच्या नावाचा दबदबा पुराव्यापेक्षा मोठा झाला की किंमत रुग्णाला मोजावी लागते, ती अशी.

हॅल्स्टेड यांचा सर्वांत दूरगामी वारसा म्हणजे शल्यविशारद घडवण्याची पद्धत. युरोपात पाहिलेली गुरु-शिष्य परंपरा त्यांनी बाल्टिमोरमध्ये शिस्तीत बसवली. तरुण डॉक्टरने रुग्णालयातच राहायचे, टप्प्याटप्प्याने जबाबदारी वाढवत न्यायची आणि शेवटी मुख्य निवासी सर्जन म्हणून जवळजवळ स्वतंत्रपणे काम करायचे. सगळे मिळून आठेक वर्षे लागत. शेवटच्या पायरीवर पोहोचणारे मोजकेच असत. ३३ वर्षांत अवघे १७. त्यांतल्या ११ जणांनी अन्यत्र अशाच प्रशिक्षणाची सोय उभी केली. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारे हार्वे कुशिंग आणि वॉल्टर डँडी हे याच मुशीतले. आपल्याकडे एमएसचे तीन वर्षांचे शिक्षण घेत सरकारी रुग्णालयांचा भार वाहणारे निवासी डॉक्टर ज्या नावाने ओळखले जातात, त्याचे मूळही या पद्धतीत आहे.

या पद्धतीला एक काळी बाजू होती. दिवस-रात्र राबणे हाच तिचा पाया आणि खुद्द गुरू मात्र दरवर्षी उन्हाळ्यात कित्येक महिने गैरहजर असत. त्याचे एक कारण १९६९ मध्ये उजेडात आले. सहकारी विल्यम ऑस्लर यांनी मोहोरबंद करून ठेवलेली टिपणे उघडली गेली आणि कळले, की हॅल्स्टेड यांचे मॉर्फिन सुटलेच नव्हते. नावारूपाला आल्यावरही ते रोज सुमारे २०० मिलिग्रॅम घेत असत. ऑस्लर आणि वेल्च यांना हे माहीत होते. रुग्णांना आणि बहुतेक शिष्यांना नव्हते.

हॅल्स्टेड ७ सप्टेंबर १९२२ रोजी वारले, तेही पित्तखड्यांवरील शस्त्रक्रियेनंतर. ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या शिष्यांनी केली होती.

मित्रांनी त्यांना सांभाळले म्हणून शस्त्रक्रिया बदलली, हे खरे. त्याच मित्रांनी रुग्णांपासून सत्य लपवले, हेही खरे. अमेरिकेत २००३ पासून निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आहे. थकलेला किंवा आजारी डॉक्टर रुग्णाला धोकादायक ठरू शकतो, ही त्यामागची कबुली. ऊतींना हळुवार हाताळा, हा हॅल्स्टेड यांचा धडा शल्यशास्त्राने लवकर आत्मसात केला. तोच हळुवारपणा चाकू धरणाऱ्या माणसाच्याही वाट्याला यायला हवा, हे समजायला मात्र फार उशीर लागला.