रेषांचा साधक : पीट मॉन्द्रियान

(द्वितीय वर्ष कला)

लांज्यातील एखाद्या नव्या घराच्या दिवाणखान्यात देवादिकांच्या तसबिरींशेजारी आता काळ्या उभ्या-आडव्या रेषांचे, लाल-निळ्या-पिवळ्या चौकोनांचे छापील चित्रही फ्रेम करून लावलेले दिसते. पाहणारा सहज म्हणतो, पट्टी घेऊन हे कुणीही काढील! पण अशा चित्रांचा जनक पीट मॉन्द्रियान याचे चरित्र वाचल्यापासून मला तसे म्हणवत नाही.

७ मार्च १८७२ रोजी हॉलंडमधील आमर्सफोर्ट येथे त्याचा जन्म झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक. मुलानेही शिक्षक व्हावे, ही घरची अपेक्षा. त्याने ड्रॉइंग शिकविण्याच्या परीक्षा दिल्या. पण १८९२ मध्ये तो ॲम्स्टरडॅमच्या कला अकादमीत दाखल झाला आणि चित्रकारच झाला. डी.एड. होऊन नोकरीला लाग, असे ऐकत कला शाखेत शिकणाऱ्या माझ्यासारख्याला हे धाडस फार जवळचे वाटते.

सुरुवातीस त्याने नद्या, पवनचक्क्या, झाडे रंगविली. १९०८ च्या सुमाराचे त्याचे लाल झाड सहज ओळखू येते. १९११ च्या करड्या झाडात फांद्यांच्या रेषाच डोळ्यांत भरतात. १९१२ च्या बहरलेल्या सफरचंदाच्या झाडात तर झाड शोधावे लागते. उभी-आडवी रेषा आणि तीन मूळ रंग एवढ्यावर तो आला, तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. या चित्रांना गिऱ्हाईक नसे. पोटासाठी पॅरिसमध्ये तो फुलांची चित्रे काढून विकी. युद्धाच्या सावटामुळे १९३८ मध्ये तो लंडनला आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कला गेला. तेथेच १ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूमोनियाने त्याचे निधन झाले.

चौकटीत चित्र आत दबलेले त्याला खपत नसे. तो कॅनव्हास मागच्या फळीवर पुढे काढून बसवी. आपण मात्र त्याला काचेआड कोंडतो. मूळ चित्रातील ब्रशच्या खुणाही छपाईत सपाट होतात.

त्याचे १९४१ मधील एक अपुरे चित्र १९४५ पासून संग्रहालयांत उलटे टांगले गेले असावे, असे २०२२ मध्ये जर्मनीतील एका अभ्यासक बाईंनी स्टुडिओच्या जुन्या फोटोवरून दाखवून दिले. जाणकारांची ही गत, तर आपल्याला हे चित्र चटकन कळले नाही म्हणून लाजायचे कशाला? मित्रहो, असे चित्र दिसले तर हसून पुढे जाऊ नका, थोडे थांबा. त्या चार रेषांमागे एक आख्खे झाड आहे.