आजाऱ्यांचा सोबती : संत जोसेफ वाझ



ज्युबिलीचे वर्ष हे मागे वळून देवाचे उपकार स्मरण्याचे व पुढील वाटेसाठी शिदोरी बांधून घेण्याचे वर्ष होय. आपल्या देवळीच्या लहानशा मंडळीच्या ह्या स्मरणिकेत एखादे संतचरित्र असावे अशी मंडळींची इच्छा दिसली. कोणत्या संताचे लिहावे ह्याचा फार विचार करावा लागला नाही. जो आपल्या शेजारच्या गोमंतकात जन्मला, ज्याची मातृभाषा आपल्या मराठीची बहीण, आणि ज्याने संकटात पडलेल्या परक्या लोकांची सेवा करताना आपला-परका हा भेद जाणला नाही, त्या संत जोसेफ वाझ ह्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

जोसेफ वाझ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी साष्टी महालातील बाणावली ह्या गावी, आजोळी झाला. पित्याचे नाव क्रिस्तोवाव वाझ व मातेचे मारिया द मिरांदा. पित्याचे गाव सांकवाळ. घराणे मूळचे ब्राह्मण कुळातील, परंतु ख्रिस्ती श्रद्धेत स्थिर झालेले. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. बालपणापासून प्रार्थनेची गोडी व गरिबांविषयी कळवळा हे दोन गुण त्यांच्या ठायी एकत्र नांदत होते, आणि पुढे जन्मभर त्यांची फारकत झाली नाही. गोव्यास जेजुइतांच्या संत पॉल विद्यालयात व त्यानंतर दोमिनिकन संघाच्या संत थॉमस अक्विनस विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. १६७६ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. दीक्षा मिळताच त्यांनी पायांतील जोडे टाकले. गोरगरीब अनवाणी चालतात, तर त्यांच्या सेवकाने जोडे घालून का चालावे, हा त्यातला भाव. सांकवाळीस त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली, आणि प्रवचनकार व पापनिवेदन ऐकणारे गुरू म्हणून थोड्याच काळात त्यांचा लौकिक झाला. १६७७ साली सांकवाळच्या देवळात त्यांनी आपणांस पवित्र मरियेचा दास म्हणून लिहून दिले. तो दासपत्राचा कागद म्हणजे त्यांच्या पुढील सर्व आयुष्याचा पाया होय.

त्याच सुमारास लंकेतील कॅथलिक लोकांची दैना त्यांच्या कानी आली. १६५८ साली जाफना पडल्यावर त्या बेटाच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज सत्ता संपली व डचांचा अंमल बसला. डच हे कॅथलिक मताचे कट्टर वैरी. त्यांनी कॅथलिक गुरूंस बेटावर येण्याची बंदी केली व त्यांस आसरा देणाऱ्यांसही कडक शिक्षा ठरविल्या. मेंढरे होती, पण मेंढपाळ नव्हता. मुले बाप्तिस्म्यावाचून वाढत होती, आणि मरणाऱ्यांस अंतिम संस्कार लाभत नव्हते. तेथे जावे अशी तळमळ जोसेफ वाझ ह्यांस लागली. पण वरिष्ठांनी त्यांस १६८१ साली कानडा प्रांतात धाडले. मंगळूर, बसरूर, गंगोळी इत्यादी ठिकाणी विस्कटलेल्या मंडळ्या त्यांनी सावरल्या, शाळा काढल्या, आणि गुलामगिरीत सापडलेल्यांस सोडविण्याची खटपट केली. त्या प्रांतात गोव्याच्या व रोमच्या नेमणुकांवरून मोठा तंटा माजला होता. दोन्ही पक्षांचा राग सोसून त्यांनी लोकांस संस्कारांवाचून राहू दिले नाही.

१६८४ साली ते गोव्यास परतले. त्या काळी युरोपीय मठसंघांची दारे एतद्देशीय गुरूंस बहुधा बंद असत. म्हणून काही गोमंतकीय गुरू जुन्या गोव्यात चमत्कारी क्रुसाच्या देवळापाशी एकत्र राहू लागले होते. २५ सप्टेंबर १६८५ रोजी जोसेफ वाझ त्यांस मिळाले व त्यांचे प्रमुख झाले. संत फिलिप नेरी ह्यांच्या नियमाने चालणारा हा संघ, म्हणजेच ओरेटरी, हा आपल्या भूमीतील गुरूंनी उभारलेला पहिला संघ होय.

परंतु लंका त्यांच्या मनातून गेली नव्हती. १६८६ साली जॉन नावाच्या एका इमानी सेवकास बरोबर घेऊन ते निघाले, आणि तुतिकोरीनहून मजुराच्या वेषात १६८७ साली जाफन्यास उतरले. उतरताच हगवणीने त्यांस इतके घेरले की जगण्याची आशा राहिली नाही. एकमेकांखेरीज त्या दोघांस तेथे कोणी नव्हते. कोणा दयाळू माणसांनी आणून दिलेल्या पेजेवर ते वाचले, असे परंपरा सांगते. वाचकहो, ही पेज ध्यानात ठेवा. दुसऱ्यास वाढण्याआधी ह्या संताने परक्याच्या हातची पेज घेतली होती. अंगी बळ येताच गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागू लागले. त्या माळेकडे कोण कोणत्या नजरेने पाहतो ह्यावरून ते आपली माणसे ओळखीत. पुढे पाच वर्षे रात्री मिस्सा व दिवसा अज्ञातवास असा क्रम चालला. त्यांच्यासाठी तेथील भाविकांनी दंड सोसले, फटके खाल्ले, पण त्यांस शत्रूच्या हाती दिले नाही.

१६९२ साली ते बेटाच्या मध्यावर असलेल्या कँडी राज्यात शिरले. तेथे डचांचे नव्हे, तर राजा विमलधर्मसूर्य दुसरा ह्याचे राज्य होते. पण पोर्तुगीजांचा हेर असा आळ येऊन त्यांस कैद झाली. कैदेचा काळ त्यांनी सिंहली भाषा शिकण्यात घालविला. राजा बौद्ध होता, तथापि न्यायी होता. हा मनुष्य राज्याचा नव्हे तर जीवांचा शोध घेत आहे हे त्यास हळूहळू पटले, व बंधने सैल झाली.

आता १६९७ साल उजाडले, आणि कँडी शहरात देवीची साथ आली. देवीच्या रोगाचे भय आजच्या तरुणांस कल्पनेनेच जाणावे लागेल, कारण १९८० साली तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. परंतु त्या काळी त्यावर उपाय नव्हता. जेन्नर ह्यांची लस निघावयास अजून ९९ वर्षे अवकाश होता. राजा दरबारासह शहर सोडून गेला. ज्यांस शक्य होते ते सर्व पळाले. ज्यांच्या अंगावर फोड दिसले त्यांस त्यांच्याच घरच्यांनी रानात नेऊन ठेविले व पाठ फिरविली. त्या लोकांस निर्दय म्हणण्याचा आपणांस अधिकार नाही. भीती माणसाकडून काय करविते हे आपण २०२० साली आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे.

जोसेफ वाझ मात्र शहरातच राहिले. नात्याने त्यांचे भाचे लागणारे फादर जोसेफ कार्व्हाल्यो त्यांच्या सोबतीस होते. दोघे रानात शिरून टाकलेल्या रोग्यांस शोधून काढीत. त्यांच्यासाठी त्यांनी झोपड्या उभारल्या व ओस पडलेल्या घरांत दवाखाना मांडला. ते रोग्यांच्या जखमा धूत, त्यांस अन्नपाणी भरवीत, औषध देत. जे मेले त्यांस खांद्यावर वाहून नेऊन स्वहस्ते मूठमाती देत. आणि ही सेवा केवळ ख्रिस्ती जनांचीच नव्हती. रोगी बौद्ध आहे की आणखी कोणी, उच्च आहे की नीच, हा प्रश्न तेथे निघाला नाही. ब्राह्मण कुळात जन्मलेला पुरुष, ज्यांच्या सावलीसही त्या काळचा समाज भीत असे त्यांचा पू पुसत होता! सेवेचा मोबदला म्हणून त्यांनी कोणाकडून बाप्तिस्मा मागितला नाही. साथ ओसरल्यावर राजाने त्यांस राज्यात मोकळेपणाने धर्मकार्य करू दिले. कैदेने, वादाने किंवा विद्वत्तेने जे दार उघडले नव्हते, ते रोग्याच्या उशाशी बसल्याने उघडले.

पुढील चरित्र थोडक्यात सांगतो. कोचीच्या महागुरुस्वामींनी त्यांस लंकेतील आपले मुख्य प्रतिनिधी नेमले. गोव्याहून एकामागून एक गुरू येत गेले. १७०५ साली आलेले फादर जाकोमे गोन्साल्विस ह्यांनी सिंहली व तामिळ भाषांत विपुल धर्मग्रंथ लिहिले. जोसेफ वाझ ह्यांस महागुरुपदाचा मान देण्याचे घाटत होते, तो त्यांनी नाकारला. अखेरीस प्रवासाने व उपवासाने झिजलेल्या देहाने १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी आपला आत्मा देवाच्या स्वाधीन केला. वय ५९ वर्षे. जन्मभूमीचे दर्शन त्यांस पुन्हा घडले नाही. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी कोलंबो येथे त्यांस धन्यवादित म्हणून घोषित केले, व १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी त्याच शहरी त्यांस संतपद दिले.

बंधुभगिनींनो, हे चरित्र लिहिताना माझी मला लाज वाटत होती, ती लपविणे बरे नव्हे. २०२१ सालच्या साथीत एका घरून मला बोलावणे आले. मी गेलो, पण अंगणातच थांबलो. दारातून आशीर्वाद दिला व परत फिरलो. आत जाणे त्या दिवशी कदाचित शहाणपणाचे नसेलही. नियम होते, आणि नियमांस कारण होते. परंतु मी थांबलो तो नियमामुळे की भीतीमुळे, ह्याचे उत्तर मी माझ्या देवापाशी अद्याप नीट दिलेले नाही. तो रोगी बरा झाला. पुढे देवळात भेटला तेव्हा त्याने मला काही बोल लाविला नाही. त्यामुळेच मला अधिक लागले.

आपल्या वर्धा जिल्ह्यास सेवेचा धडा परक्याकडून घेण्याची गरज नाही. दत्तपूरचे कुष्ठधाम १९३६ साली मनोहर दिवाण ह्यांनी सुरू केले, आणि सेवाग्रामास महात्माजींनी कुष्ठरोगी परचुरेशास्त्री ह्यांची शुश्रूषा आपल्या हातांनी केली. हे सर्व आपल्या उंबऱ्याशी घडले. म्हणून ज्युबिलीचा मांडव उतरल्यावर काय राहील, हा प्रश्न मी आपणांस व स्वतःस विचारतो. दोघादोघांनी मिळून आठवड्यातून एका आजाऱ्याच्या घरी जावे. सेवाग्रामच्या रुग्णालयात कोणी दाखल असेल, तर उशाशी बसलेल्या नातलगास एक डबा पोहोचवावा. कपाशी बुडाली की ज्या घरी चूल मंदावते, त्या घरी तांब्याभर पाणी मागण्याच्या निमित्ताने जावे व तेथील गरज डोळ्यांनी पाहून यावी. घर कोणत्या धर्माचे वा जातीचे, हे विचारू नये. ह्यास पैसा फारसा लागत नाही. वेळ लागतो, आणि अंगणातून आत जाण्याचे धैर्य लागते.

ते धैर्य आपणां सर्वांस, आणि प्रथम मला, संत जोसेफ वाझ ह्यांच्या मध्यस्थीने प्रभू येशू देवो. आमेन.

आपला धर्मगुरू