कर्नल साईक्स यांचा दख्खनी माळ

पेशवाई बुडविणाऱ्या लढायांत लढलेला एक कंपनी सरकारचा अधिकारी पुढे मुंग्यांच्या वारुळापाशी ओणवा बसलेला दिसावा, हा इतिहासातील एक गमतीदार योग होय. विल्यम हेन्री साईक्स हे ते गृहस्थ. जन्म १७९० चा, यॉर्कशायरमधला. कोवळ्या वयात ते कंपनीच्या फौजेत दाखल झाले, आणि खडकीच्या लढाईनंतर सात वर्षांनी, १८२४ मध्ये, एल्फिन्स्टन यांनी त्यांना मुंबई इलाख्याचे सांख्यिकी अधिकारी नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची जमीन, पिके, माणसे व गुरे मोजणे हे त्यांचे काम. १८२९ मध्ये ही जागा रद्द झाली. तरीही साईक्स यांनी १८३१ पर्यंत पदरमोड करून ते पुरे केले.

मोजदाद महसुलासाठी होती, हे विसरता येत नाही. परंतु साईक्स जे दिसेल ते टिपीत. १८३२ मध्ये त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली. तीत सव्वादोनशेहून अधिक जाती होत्या, आणि पन्नासहून अधिक शास्त्राला नव्या. मारलेल्या पक्ष्याचे पोट फाडून त्यात काय सापडले याची नोंद ते करीत. ही सवय त्या काळी विरळाच. त्यांची खरी थोरवी येथे आहे; कारण माळावर पक्षी आहे तो किड्यामुळे आहे, ही गोष्ट अशा नोंदींतूनच उघड होते.

किड्यांकडेही त्यांचे लक्ष होते. पुण्याच्या परेडच्या मैदानाजवळ पावसाळ्यानंतर मुंग्या भिजलेले गवताचे बी वारुळाबाहेर काढून उन्हात वाळवितात, हे त्यांनी पाहिले व १८३५ मध्ये त्या मुंगीला दूरदर्शी अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. मुंग्या धान्य साठवितात ही युरोपातील पंडितांना तेव्हा भाकडकथा वाटे. टसरच्या कोशाच्या पट्ट्या कापून मराठे त्यांनी बंदुकीची नळी दस्त्याला आवळतात, हेही त्यांनी लिहून ठेवले. ज्वारी हुरड्यात आली की उतरणाऱ्या भोरड्यांच्या थव्यांना त्यांनी टोळधाडीच्या पंक्तीला बसविले. ते अर्धेच खरे. हाच पक्षी मध्य आशियातील आपल्या विणीच्या प्रदेशात टोळांवरच पिले पोसतो.

नगरच्या माळावर त्या काळी माळढोक किती असावा? १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत एका इंग्रज शिकाऱ्याने या भागात ९६१ माळढोक मारले. इतका थोरला पक्षी इतक्या संख्येने जगत होता तो कशावर? धान्य-फळांबरोबर नाकतोडे आणि भुंगेरे यांवर. ते गवतावर जगत, गवत चरणाऱ्या मेंढरांच्या व गुरांच्या शेणलेंड्यांवर जगत. सरकारी दप्तराने मात्र या गवताला पडीक जमीन म्हटले. साईक्स यांचे खातेही त्याच दप्तराचे होते. पडीक जमीन नांगराखाली येणे ही प्रगती ठरली; पुढे कालवे आले, ऊस आला, फवारणी आली. या सुधारणांनी नगरच्या कित्येक दुष्काळी घरांत चूल पेटली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण फवारा पीक खाणारी अळी आणि परागकण नेणारी मधमाशी यांत भेद करीत नाही. कांद्याच्या एकाच फुलात परागकण आधी पिकतात, स्त्रीकेसर मागाहून. म्हणून बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला किड्याची ये-जा लागतेच.

जर्मनीत २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संरक्षित क्षेत्रांतील उडत्या कीटकांचे एकूण वजन २७ वर्षांत पाऊणपट घटल्याचे त्यात आढळले. आपल्याकडे १९७९ मध्ये सोलापूर व नगर जिल्ह्यांत ८४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. २०१२ मध्ये ते सुमारे १२२२ वर आणण्यात आले. देशभरात मोकळे वावरणारे माळढोक आता शंभर-दीडशेच्या घरात उरले आहेत, आणि तेही बहुतेक राजस्थानात.

साईक्स पुढे कंपनीचे संचालक झाले, पार्लमेंटात बसले आणि १८७२ मध्ये वारले. दख्खनमधील एका लहानशा तांबूस चंडोलाला त्यांनी देव हे नाव दिले होते. खडकाळ माळावर गवताच्या बुंध्याशी तो अजून घरटे करतो आणि पिलांना किडे भरवितो.