दादासाहेब फाळके : पडद्यावरचे मुकुट आणि उशिरा आलेला हार



मुलांना विचारा, भारतीय चित्रपटाचे जनक कोण? उत्तर लगेच येतं. पण त्या उत्तरामागचं आयुष्य आपण त्यांना सांगतो का? आज तेच थोडक्यात पाहूया.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला, पण तिथे प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेलं. पुढे छपाईच्या धंद्यात जम बसला, तोही भागीदारांशी न पटल्याने सोडावा लागला. चाळिशीत माणूस पुन्हा रिकाम्या हाताने उभा!

त्याच सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील, हा ध्यास त्यांना लागला. रात्रंदिवस प्रयोग करून डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. बरे झाल्यावर विमा गहाण ठेवून ते 1912 मध्ये लंडनला गेले, तंत्र शिकले, कॅमेरा घेऊन आले.

पण पैसे कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा लावला. ठरावीक वेळाने एकेक चित्र टिपत गेले. पडद्यावर ते रोप भराभर वाढताना दिसलं आणि पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला. तरीही रक्कम पुरेना, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. फिल्मला छिद्रं पाडणं, रसायनं तयार करणं, सगळ्यांचा स्वयंपाक, ही कामं त्यांनीच सांभाळली. मुलांना शिकवताना हे नाव गाळू नका हं.

3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी झळकला. कॉरोनेशन म्हणजे राज्याभिषेक! गोष्ट मात्र मुकुट उतरवून सत्य जपणाऱ्या राजाची. बायका कामाला तयार नव्हत्या, म्हणून उपाहारगृहातले अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली.

नंतर बोलपट आले आणि काळ बदलला. ‘गंगावतरण’ (1937) हा त्यांचा शेवटचा चित्रपट. इतरांच्या डोक्यावर मुकुट चढवणाऱ्या या माणसाचं 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला निधन झालं, तेव्हा त्यांच्याभोवती ना पैसा होता ना गाजावाजा. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो 1969 चा, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

एक उपक्रम सुचवते. वर्गात कुंडीत वाटाणा लावा. आमच्या पुरुषोत्तमनगरसारख्या उसाच्या भागात उसाचा डोळाही चालेल. मोबाईल रोज त्याच जागी ठेवून एक फोटो काढा आणि महिन्याने सगळे फोटो भराभर दाखवा. मग मुलांना फाळक्यांची गोष्ट सांगा आणि विचारा : त्या कुंडीला रोज पाणी कोण घालत होतं?