हार्ले ग्रॅनव्हिल-बार्कर

हार्ले ग्रॅनव्हिल-बार्कर (२५ नोव्हेंबर १८७७, लंडन - ३१ ऑगस्ट १९४६, पॅरिस) हे इंग्लिश नट, नाट्यदिग्दर्शक, नाटककार आणि विल्यम शेक्सपियर यांच्या नाटकांचे भाष्यकार होते. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये १९१२ ते १९१४ या काळात त्यांनी शेक्सपियरची अवघी तीन नाटके दिग्दर्शित केली. परंतु त्या तीन प्रयोगांनी इंग्लंडमधील शेक्सपियरच्या सादरीकरणाची रीत बदलली. पुढे रंगभूमीचा व्यवसाय सोडून त्यांनी लिहिलेल्या 'प्रीफेसेस टू शेक्सपियर' या प्रस्तावना नाट्याभ्यासकांप्रमाणेच नट आणि दिग्दर्शकही वाचत आले आहेत.

पूर्वायुष्य

त्यांचे मूळ आडनाव बार्कर. ग्रॅनव्हिल हे आईकडून आलेले नाव. आई जाहीर कार्यक्रमांतून काव्यवाचन करीत असे आणि मुलाला लहानपणापासून पाठांतराची व उच्चारांची तालीम तिच्याकडूनच मिळाली. शालेय शिक्षण त्यांना फारसे मिळाले नाही. १८९१ मध्ये मार्गेट येथील सारा थॉर्न यांच्या नाट्यशाळेत ते दाखल झाले आणि पुढे बेन ग्रीट यांच्या फिरत्या मंडळीत नट म्हणून काम करू लागले. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या माणसाला उत्तरायुष्यात केंब्रिज आणि ऑक्सफर्ड येथे प्रतिष्ठेच्या व्याख्यानांसाठी बोलावले गेले.

१८९९ मध्ये विल्यम पोएल यांनी आपल्या 'एलिझाबेथन स्टेज सोसायटी'च्या प्रयोगात त्यांना दुसऱ्या रिचर्डची भूमिका दिली. शेक्सपियरची नाटके त्याच्या काळातील रिकाम्या, पुढे आलेल्या रंगमंचावर, पडदे न बदलता आणि वेगाने म्हटलेल्या पद्यातून उभी राहावीत, असा पोएल यांचा आग्रह होता. त्यांचे प्रयोग काहीसे रूक्ष आणि पुराणवस्तूंच्या प्रदर्शनासारखे होत, ही टीका सर्वस्वी चुकीची नव्हती. बार्कर यांनी त्यांच्याकडून गती घेतली आणि संहितेविषयीचा आदर घेतला. जुन्या रंगमंचाची प्रतिकृती उभारण्याचा हट्ट मात्र घेतला नाही.

कोर्ट थिएटर

१९०४ ते १९०७ या काळात जे. ई. व्हेड्रेन यांच्या व्यवस्थापकीय साहाय्याने बार्कर यांनी लंडनच्या कोर्ट थिएटरमध्ये ३२ नाटकांचे ९८८ प्रयोग केले. त्यांपैकी ७०१ प्रयोग एकट्या जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या नाटकांचे होते. शॉ यांना लंडनचा प्रेक्षक मिळवून देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात या तीन हंगामांना जाते. याच काळात, १९०६ मध्ये, नटी लिला मॅकार्थी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

नाटककार म्हणूनही ते पुढे आले. 'द व्हॉयसी इनहेरिटन्स' (१९०५) गाजले. १९०७ मध्ये 'वेस्ट' या नाटकाला सरकारी परीक्षकाने परवाना नाकारला. 'द मद्रास हाउस' (१९१०) या नाटकाच्या नावाचा मद्रास शहराशी संबंध नाही. मद्रास हे त्यातील कापडव्यापारी कुटुंबाचे आडनाव आहे.

सॅव्हॉय थिएटरमधील तीन प्रयोग

त्या काळी लंडनमध्ये शेक्सपियर म्हणजे प्रामुख्याने हर्बर्ट बिअरबोम ट्री यांच्या भव्य नेपथ्याचा शेक्सपियर होता. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधील अरण्यात ट्री यांनी रंगमंचावर जिवंत ससे सोडले होते. असे देखावे बदलायला वेळ लागे. तो वेळ भरून काढण्यासाठी संहितेला कात्री लागे आणि एकाच स्थळाचे प्रवेश सलग यावेत म्हणून त्यांचा क्रमही बदलला जाई. प्रेक्षक चित्र पाहून घरी जात, नाटक अर्धेमुर्धेच ऐकून.

बार्कर यांनी याच्या नेमके उलट केले. सप्टेंबर १९१२ मध्ये त्यांनी 'द विंटर्स टेल' सादर केले. वाद्यवृंदाच्या जागेवरून रंगमंच प्रेक्षकांकडे पुढे वाढवला, फुटलाइट काढून टाकले आणि प्रेक्षागृहाच्या सज्जावरून थेट रंगमंचावर प्रकाश सोडला. देखाव्यांऐवजी नक्षीचे साधे पडदे टांगले. त्यामुळे एका प्रवेशातून दुसऱ्यात क्षणात जाता येऊ लागले आणि मोजक्या ओळी वगळता संपूर्ण संहिता म्हणता आली. नटांना दिलेली सूचना एकच होती: वेग, पण अर्थ न सांडता. कानांना इतक्या गतीची सवय नसल्यामुळे अनेक समीक्षकांनी शब्द कळत नसल्याची तक्रार केली आणि नाटक सुमारे सहा आठवड्यांत बंद पडले. नोव्हेंबरमध्ये आलेले 'ट्वेल्फ्थ नाइट' मात्र प्रेक्षकांनी उचलून धरले. त्यात लिला मॅकार्थी यांनी व्हायोलाची, तर हेन्री एन्ली यांनी माल्व्होलिओची भूमिका केली.

फेब्रुवारी १९१४ मधील 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' सर्वांत वादग्रस्त ठरले. जाळीदार कपड्यांतल्या, पंख लावलेल्या बालिका म्हणजे पऱ्या, हा संकेत रूढ होता. बार्कर यांच्या पऱ्या नखशिखांत सोनेरी रंगवलेल्या, पौर्वात्य मूर्तींसारख्या आणि मूर्तींसारख्याच थबकत हालचाल करणाऱ्या होत्या. मेंडेल्सोनचे लोकप्रिय संगीत वगळून त्यांनी सेसिल शार्प यांच्याकडून इंग्लिश लोकगीतांच्या चालींवर आधारलेले संगीत घेतले. सोनेरी पऱ्यांविषयी मतभेद झाले. पण माणसे आणि पऱ्या एकाच रंगमंचावर वेगळ्या जातीच्या दिसल्या पाहिजेत, हा प्रश्न त्यांनी नेपथ्यकाराच्या युक्तीने नव्हे, संहितेच्या वाचनाने सोडवला होता.

रंगभूमीचा त्याग

पहिल्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेत गेले असता त्यांची भेट हेलन हंटिंग्टन यांच्याशी झाली. पहिला विवाह संपुष्टात आल्यावर १९१८ मध्ये त्यांनी हेलन यांच्याशी विवाह केला आणि त्यानंतर आडनावात जोडरेघ घालून ते ग्रॅनव्हिल-बार्कर म्हणून लिहू लागले. व्यावसायिक दिग्दर्शन त्यांनी जवळजवळ सोडले. चाळिशीतच झालेल्या या निवृत्तीचा दोष शॉ आणि इतर सुहृदांनी श्रीमंत आणि नाट्यव्यवसायाविषयी अप्रीती असलेल्या हेलन यांना दिला. हे स्पष्टीकरण सोयीचे असले तरी अपुरे आहे. नाटके आलटूनपालटून सादर करणारी कायम मंडळी उभी राहावी, हा बार्कर यांचा ध्यास होता आणि १९१० मध्ये ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमधील तसा प्रयत्न काही महिन्यांतच बंद पडला होता. विल्यम आर्चर यांच्यासह त्यांनी राष्ट्रीय नाट्यगृहाचा तपशीलवार आराखडा आणि खर्चाचा अंदाज तयार केला होता. १९०७ मध्ये तो प्रकाशितही झाला, पण पैसा उभा राहिला नाही. दर हंगामाला नव्याने भांडवल शोधण्याचा शीण त्यांच्या निर्णयामागे होता, यात शंका नाही.

प्रस्तावना आणि अध्यापन

१९२३ पासून लिहिलेल्या प्रस्तावनांची पुस्तकरूपातील मालिका १९२७ मध्ये सुरू झाली. 'हॅम्लेट'वरील १९३७ मध्ये आणि 'ऑथेल्लो'वरील १९४५ मध्ये आली. शेक्सपियरचे नाटक हे वाचनासाठीचे काव्य नसून वाद्यवृंदाच्या स्वरलिपीसारखे प्रयोगासाठी लिहिलेले असते, ही त्यांची मूळ भूमिका होती. 'किंग लियर' रंगमंचावर करता येण्याजोगे नाही, असे चार्ल्स लॅम यांनी मांडले होते आणि ए. सी. ब्रॅडली यांनाही ते रंगमंचासाठी फार विशाल वाटत होते. ग्रॅनव्हिल-बार्कर यांनी दाखवले की वादळ पत्र्याच्या गडगडाटात नाही, लियरच्या भाषेत आहे. यंत्राचा आवाज नटाशी स्पर्धा करू लागला की वादळच हरवते. 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मधील चाळीसहून अधिक प्रवेशांना उत्तरकालीन संपादकांनी दिलेली स्थळनामे त्यांनी निरुपयोगी ठरवली. शेक्सपियरच्या रंगमंचावर पात्र आले की प्रवेश सुरू होई. स्थळ सांगणे गरजेचे असेल तेव्हा पात्रच ते सांगे. अंक आणि प्रवेशांच्या छापील विभागणीतून 'हॅम्लेट' सोडवून त्यांनी ते तीन ओघांत वाचले.

१९३० मध्ये त्यांनी केंब्रिज येथे क्लार्क व्याख्याने दिली, १९३४ मध्ये जी. बी. हॅरिसन यांच्यासह शेक्सपियर-अभ्यासाचा मार्गदर्शक ग्रंथ संपादित केला आणि १९३७ ते १९३९ या काळात पॅरिसमधील ब्रिटिश संस्थेचे ते संचालक होते.

एप्रिल १९४० मध्ये ओल्ड व्हिक येथे जॉन गिलगुड यांनी लियरची भूमिका केली. दिग्दर्शक म्हणून लुइस कॅसन यांचे नाव होते. पण त्याआधी सुमारे दहा दिवस ग्रॅनव्हिल-बार्कर यांनी तालमी घेतल्या होत्या. स्वतःचे नाव दिग्दर्शक म्हणून छापू देण्यास त्यांनी नकार दिला आणि पहिल्या प्रयोगापूर्वीच ते पॅरिसला परतले. गिलगुड यांनी या तालमींचे ऋण पुढे वारंवार मान्य केले. एका प्रस्तावनेतील विचार तिच्या लेखकाच्याच हातून रंगमंचावर पारखला जाण्याची ही दुर्मीळ वेळ होती.

त्याच वर्षी जर्मन फौजा पॅरिसकडे सरकल्यावर ते फ्रान्स सोडून अमेरिकेला गेले. युद्धानंतर ते युरोपात परतले आणि ३१ ऑगस्ट १९४६ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. 'कोरिओलेनस'वरील प्रस्तावना मृत्यूनंतर, १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. आर्चर यांच्यासह त्यांनी आराखडा केलेले राष्ट्रीय नाट्यगृह १९६३ मध्ये ओल्ड व्हिक येथे 'हॅम्लेट'च्या प्रयोगाने सुरू झाले आणि १९७६ मध्ये थेम्सच्या दक्षिण तीरावरील स्वतःच्या इमारतीत गेले.