मुदत घालून सत्तेवर आलेला पंतप्रधान

फ्रान्सच्या चौथ्या प्रजासत्ताकात सरकारे इतक्या झपाट्याने कोसळत, की बहुतेक पंतप्रधानांची नावे आज फ्रेंचांनाही आठवणार नाहीत. पिएर मेंडेस फ्रान्स यांचे नाव मात्र अवघ्या साडेसात महिन्यांच्या कारकिर्दीवर टिकून राहिले.

१९०७ मध्ये पॅरिसमधील ज्यू कुटुंबात जन्मलेले मेंडेस फ्रान्स पंचविसाव्या वर्षी संसदेत निवडून आले. महायुद्धात व्हिशी राजवटीने सैन्यातून पळाल्याचा आरोप ठेवून त्यांना तुरुंगात टाकले. वास्तविक लढा चालू ठेवण्यासाठीच ते मोरोक्कोला गेले होते. १९४१ मध्ये ते तुरुंगातून निसटले, लंडनला पोहोचले आणि बॉम्बफेकी विमानांतून मोहिमांवर गेले. १९४४ मध्ये द गॉल यांनी त्यांना अर्थव्यवहारमंत्री केले. महागाई रोखण्यासाठी कठोर चलनबंधने हवीत, हा त्यांचा आग्रह मान्य झाला नाही. १९४५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

मे १९५४ मध्ये दिएन बिएन फू पडले. जूनमध्ये पंतप्रधानपद स्वीकारताना त्यांनी स्वतःलाच मुदत घातली : २० जुलैपर्यंत इंडोचायनात युद्धबंदी झाली नाही तर आपण पायउतार होऊ. कम्युनिस्टांची मते बहुमतात धरण्यासही त्यांनी नकार दिला. जिनिव्हातील करार पुरे होईतो मध्यरात्र उलटली होती. कागदावर तारीख मात्र २० जुलैचीच पडली. पुढच्या काही दिवसांतच त्यांनी ट्युनिशियाला अंतर्गत स्वायत्तता देऊ केली. पाँडिचेरी, कारिकल, माहे आणि यानम यांचा कारभार भारताकडे सोपवण्याचा करारही याच सरकारने केला. गोव्यासाठी पोर्तुगालने १९६१ पर्यंत हटवादीपणा केला, हे आठवले की या समंजसपणाचे मोल कळते.

पाँडिचेरीत सत्तांतर झाले त्या १ नोव्हेंबर १९५४ रोजीच अल्जीरियात बंडाचा भडका उडाला. तेथे मेंडेस फ्रान्स यांची दृष्टी अडखळली. अल्जीरिया फ्रान्सचाच भाग आहे, असे सांगून त्यांनी फौजा धाडल्या. तरीही फेब्रुवारी १९५५ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या प्रश्नावरच संसदेने त्यांना खाली खेचले. पुढे गी मोले यांच्या सरकारात ते मंत्री झाले. पण अल्जीरियातील दडपशाही न पटल्याने मे १९५६ मध्ये बाहेर पडले.

१९५८ मध्ये लष्करी बंडाच्या छायेत सत्तेवर येणाऱ्या द गॉल यांना, जुना ऋणानुबंध असूनही, त्यांनी विरोध केला आणि त्याच वर्षी स्वतःची जागा गमावली. १९६७ मध्ये ग्रनोब्लमधून ते पुन्हा निवडून आले. पुढच्याच वर्षी पराभूत झाले. १९८२ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. मंत्रिपद त्यांना पुन्हा कधीच मिळाले नव्हते.