एकही अक्षर हरवू नये : संत मॅक्सिमिलियन कोल्बे



फोनवर आपले आडनाव सांगण्याची वेळ आली की आपली कशी तारांबळ उडते! ‘डिमेलो’मधला ‘एम’ पलीकडच्या माणसाला ‘एन’ ऐकू येतो. मग आपण ‘डी फॉर दिल्ली, एम फॉर मुंबई’ असे एकेक अक्षर फोडून सांगतो. रेडिओवरून बोलणाऱ्यांची अडचण याहून मोठी. हवेतल्या खरखरीत सुटे अक्षर टिकत नाही. म्हणून प्रत्येक अक्षराला एक पूर्ण शब्द जोडून देण्याची पद्धत पडली. १९२७ साली असा एक तक्ता आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्य झाला आणि १९३२ साली त्यात सुधारणा झाली. त्यात बरीचशी शहरांची नावे होती. आज जगभर वापरला जाणारा ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ हा तक्ता १९५६ साली अमलात आला. वैमानिक, जहाजावरचे अधिकारी आणि घरून रेडिओ चालवणारे हौशी लोक तोच वापरतात.

या हौशी रेडिओ चालकांचे आश्रयदाते मानले जाणारे एक संत आहेत. त्यांचे नाव संत मॅक्सिमिलियन कोल्बे. १४ ऑगस्ट रोजी आपण त्यांचा सण साजरा करतो.

त्यांचा जन्म ८ जानेवारी १८९४ रोजी पोलंडमधील झ्दुन्स्का व्होला या गावी, एका गरीब विणकराच्या घरी झाला. बाप्तिस्म्याचे नाव रेमंड. बालपणी एकदा पवित्र मरिया दोन मुकुट घेऊन त्यांना दिसली. पांढरा मुकुट शुद्धतेचा, तांबडा रक्तसाक्ष्याचा. त्यांनी दोन्ही स्वीकारले. पुढे ते फ्रान्सिस्कन संघात गेले, रोममध्ये शिकले आणि २८ एप्रिल १९१८ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. विज्ञानाची त्यांना विलक्षण ओढ. विद्यार्थी असताना अवकाशात जाणाऱ्या यानाचा आराखडाही त्यांनी काढला होता.

क्षयाने शरीर पोखरले असतानाही ते स्वस्थ बसले नाहीत. १९२२ साली त्यांनी ‘निष्कलंक मातेचा शिलेदार’ या अर्थाच्या नावाचे मासिक काढले. त्याचा खप पुढे लाखोंच्या घरात गेला. १९२७ साली वॉर्साजवळ त्यांनी न्येपोकालानुव, म्हणजे निष्कलंक मातेची नगरी, हा मठ वसवला. १९३० साली ते जपानमधील नागासाकीला गेले. १९३२ साली आजच्या केरळमधील एर्नाकुलमलाही येऊन गेले. १९३६ साली मायदेशी परतले, तेव्हा छापखान्याच्या जोडीला आता रेडिओ हवा, असा त्यांनी ध्यास घेतला.

८ डिसेंबर १९३८ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, मठातून पहिले प्रसारण झाले. केंद्राची ओळखखूण होती एसपी३आरएन. एसपी ही पोलंडची खूण, तर आरएन म्हणजे रेडिओ न्येपोकालानुव. त्या काळच्या तक्त्याप्रमाणे ती ‘सान्तियागो, पॅरिस, तीन, रोमा, न्यूयॉर्क’ अशी सांगितली जाई, आजच्या तक्त्याप्रमाणे ‘सिएरा, पापा, तीन, रोमिओ, नोव्हेंबर’ अशी. पाच चिन्हांची ती खूण कानी पडली की कोण बोलते आहे हे ऐकणाऱ्याला कळावे, एवढाच तिचा उद्देश.

पण हा आवाज फार काळ टिकला नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले आणि केंद्र बंद पडले. फादर कोल्बे यांनी मठात निर्वासितांना आसरा दिला. त्यांत अनेक ज्यूही होते. १७ फेब्रुवारी १९४१ रोजी त्यांना अटक झाली आणि मे महिन्याच्या अखेरीस ऑशविट्झच्या छळछावणीत नेण्यात आले. तिथे नावाला किंमत नव्हती. त्यांना क्रमांक मिळाला १६६७०.

रेडिओवाले एका अक्षरासाठी पूर्ण शब्द वापरतात, का तर ते हरवू नये. छावणीत याच्या नेमके उलट चालले होते. अख्ख्या माणसाचा आकडा केला जात होता, का तर तो हरवला तरी कुणाला कळू नये.

जुलैच्या अखेरीस एक कैदी निसटला. शिक्षा म्हणून दहा जणांना उपाशी मारायचे ठरले. निवडलेल्यांपैकी फ्रान्सिस्झेक गायोव्हनिचेक हा सैनिक बायकामुलांच्या आठवणीने आक्रोश करू लागला. तेव्हा फादर कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्याच्या जागी मला घ्या, अशी त्यांनी विनंती केली. तू कोण, असे अधिकाऱ्याने विचारले. त्यांनी नाव सांगितले नाही, क्रमांकही सांगितला नाही. आपण कॅथलिक धर्मगुरू आहोत, एवढेच सांगितले. हीच त्यांची खरी ओळखखूण होती.

अंधारकोठडीत ते सोबत्यांना धीर देत, त्यांच्याबरोबर प्रार्थना करत राहिले. दोन आठवड्यांनीही ते जिवंत होते. १४ ऑगस्ट १९४१ रोजी विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारण्यात आले. दुसऱ्या दिवशी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्यांचा देह जाळण्यात आला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १० ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांना संतपद बहाल केले, तेव्हा गायोव्हनिचेक स्वतः रोममध्ये हजर होते. १९९५ पर्यंत ते जगले आणि आपल्याला वाचवणाऱ्याची कहाणी सांगत राहिले.

भाविकहो, आपल्या आसपासही माणसांचे आकडे होतच असतात. इस्पितळात कुणी खाट क्रमांक बारा असतो, इमारतीत कुणी तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी असते. या आठवड्यात अशा एकाला तरी आपण नावाने हाक मारूया आणि त्याचे म्हणणे नीट ऐकून घेऊया. प्रभू आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो. त्याच्या कळपात एकही अक्षर हरवू नये.

संत मॅक्सिमिलियन कोल्बे, आम्हांसाठी विनंती कर.